खोक्यातून आलेली गिटार

बारावीचा निकाल लागला की घरोघरी बक्षिसाची बोलणी सुरू होतात. गेल्या वर्षी आमच्या पुतणीने बारावीचा गड सर केला आणि बक्षीस म्हणून मागितली इलेक्ट्रिक गिटार. दादाने साफ नकार दिला. "चार महिन्यांत कोपऱ्यात पडेल. हार्मोनियमचं झालं तेच!"

दोघांच्या मध्ये सापडलो मी. तडजोड म्हणून सुचवले की तयार गिटार नकोच, किट मागवू. तिने स्वतः जोडावी, स्वतः पॉलिश करावी. तेवढी चिकाटी निघाली, तर वाजवण्याचीही निघेल. दादा 'हूं' म्हणाला. आमच्याकडे याला होकार समजतात.

आठवड्याने डोंबिवलीच्या घरी खोके आले. वहिनींनी ते उघडले आणि मला हाक मारली, "भावजी, अहो, ही तर मोडकीच पाठवलीय त्यांनी!"

मोडकी नव्हती, न जोडलेली होती. लाकडाची कोरी बॉडी, फ्रेट्स बसवलेली दांडी, तारा पिळायच्या सहा खुंट्या, धातूची घोडी, तीन पिकअप, वायरी आणि पुडीभर स्क्रू. सोबतच्या कागदावर चार चित्रे आणि जेमतेम दहा ओळी. ज्यांच्या घरी असे खोके येईल किंवा यावेसे वाटत असेल, त्यांच्यासाठी त्या दहा ओळींत नसलेले आज सांगतो.

चार स्क्रूंची करामत

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीत घुमतो. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी बहुधा भरीव असते. तारेखाली बसवलेला पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षाही बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिचा मोठा आवाज करतो.

ही गिटार घरी जोडता येते याचे बरेचसे श्रेय कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांना जाते. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्या काळी चांगल्या गिटारची दांडी सरसाने कायमची चिकटवत. फेंडर यांनी १९५० च्या सुमारास काढलेल्या गिटारची दांडी मात्र चार स्क्रूंनी बसवली. बिघडलेला भाग काढून दुसरा लावता आला पाहिजे, हा खास दुरुस्तीवाल्याचा विचार! १९५४ मध्ये आलेली त्यांची स्ट्रॅटोकास्टर जगभर गाजली. आजचे पुष्कळसे किट याच धर्तीचे असतात.

आधी रंग नको, दोरा घ्या

खोके उघडल्यावर प्रत्येकाला पहिली घाई होते ती रंगाची. आमच्या पुतणीलाही झाली. पण रंगाला हात लावण्यापूर्वी एकदा सगळी गिटार कोरीच जोडून पाहावी. भोके, खाचा, स्क्रू जिथल्या तिथे बसतात की नाही हे कोऱ्या लाकडावर कळलेले बरे. पॉलिश झाल्यावर कळले तर रडू येते.

दांडी तिच्या खाचेत बसवा. वरच्या नटपासून घोडीपर्यंत, जिथून सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक तार जाणार, तिथे शिवणाचा दोरा ताणून धरा. दोन्ही दोरे दांडीच्या कडांपासून सारख्याच अंतरावर हवेत. आमचा एक दोरा कडेपासून चार मिलिमीटरवर होता आणि दुसरा दोनवर. दांडी किंचित तिरकी बसली होती. स्क्रू सैल करून दांडी हलक्या हाताने सरळ केली आणि पुन्हा आवळली.

दुसरे माप लांबीचे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजा आणि दुप्पट करा. फेंडर धर्तीच्या गिटारमध्ये ते साधारण ३२४ मि.मी., म्हणजे दुप्पट ६४८ भरते. घोडीवर तार जिथे टेकते ती जागा सर्वांत बारीक तारेसाठी जवळजवळ इतक्याच अंतरावर हवी. बाकीच्या तारा त्याहून किंचित मागे जातात. हे माप चुकले तर गिटार कितीही देखणी झाली तरी सुरात वाजणार नाही. पॉलिशचा डाग डोळ्याला एकदा खुपतो. इथली चूक कानाला रोज खुपते.

नवे भोक पाडायचे असेल तर आधी बारीक गिरमिटाने पाडा आणि स्क्रूला साबण किंवा मेण लावा. दांडीचे लाकूड कठीण असते. जबरदस्ती केली तर स्क्रूचे डोके तुटून हातात येते. ही जुळवणी मनासारखी झाली की सगळे पुन्हा सोडवायचे आणि स्क्रू कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत, पुडीवर नाव लिहून ठेवायचे.

पावसाळ्यातले पॉलिश

आता घासकाम. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २२० आणि शेवटी ३२० वर यावे. घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासलेले ओरखडे पॉलिशखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात. नाकातोंडावर मास्क हवा. दांडी बसते ती खाच मात्र घासू नये, तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. खाच सैल झाली की दांडी डुगडुगते.

आम्ही चपडीचे पॉलिश निवडले. चपडी म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ही लाख देणारा किडा आपल्याकडे झारखंडच्या जंगलांत पळस-कुसुमाच्या झाडांवर वाढवतात. पंचवीस ग्रॅम चपडी २०० मि.लि. स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून मलमलच्या फडक्यातून गाळली. कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळून त्याने पातळ हात द्यायचे. पीयू पॉलिश याहून टणक, पण घरात फवारणे त्रासाचे. चपडी हाताने लागते आणि चुकली तर स्पिरिटने निघते. हा गुण पुढे आमच्या उपयोगी पडला. स्पिरिट भुरकन पेटते. तेव्हा गॅसची शेगडी आणि देवापुढची समई या दोन्हींपासून दूर, उघड्या खिडकीशीच हे काम करावे.

आमचे चुकले ते वेळेच्या बाबतीत. महिना जुलैचा. बाहेर धुवाधार पाऊस. पुतणीला गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचे होते, म्हणून एका दिवसात तिने पाच हात दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो बॉडीवर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर! स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. तीच पॉलिशमध्ये अडकून बसली होती. इंदूर-नागपूरकडच्या वाचकांना कोरड्या दिवसांत याची भीती नाही. मुंबई, कोकण, गोवा इथल्यांनी मात्र पावसाळ्यात पॉलिशचा डबा उघडूच नये. धूसरपणा थोडाच असेल तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवून तो जातो. आमचा थर खोल गेला होता.

"काका, वरून काळा रंग मारू या का? कोणाला कळणार आहे?"

मी म्हणालो, "कोणालाच नाही. तुला सोडून."

ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेलो, तर ही गॅलरीत बसून स्पिरिटच्या फडक्याने सगळे पॉलिश उतरवत होती. गणपती आले आणि गेले. गिटार कपाटावर कोरीच पडून राहिली. दादा एकदा म्हणालाही, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" पण ऑक्टोबरचे ऊन तापू लागले तशी तिने पुन्हा बोळा हातात घेतला. या वेळी दिवसाला दोनच हात, मध्ये पूर्ण वाळू देऊन. दहा-बारा हातांनंतर लाकडाला मधासारखा रंग चढला.

टाके आणि बाबा

वायरिंगचे काम अवघड नाही, पण आकृती समोर ठेवून करावे. पिकअपच्या वायरी निवडीच्या स्विचवर, तिथून आवाजाच्या बटणाकडे आणि शेवटी जॅकवर. एक वायर घोडीला जोडायची असते, ती हमखास विसरली जाते. तिच्यामुळे तारा अर्थला जोडल्या जातात आणि गुणगुण कमी होते.

पुतणीचे टाके काही केल्या टिकेनात. कथलाचा गोळा व्हायचा आणि वायर ओढली की सुटायचा. तिसऱ्यांदा सुटल्यावर तिने सोल्डरिंग आयर्न ठेवून दिले. इतका वेळ पेपरात डोके घातलेला दादा उठला. कॉलेजात असताना त्याने ट्रान्झिस्टर जोडून विकले होते, हे मला आठवले. तिला बहुधा ठाऊकच नव्हते.

"कथील नको तापवूस, टाका तापव. दोन्ही धातू तापले की कथील आपणहून पसरतं. अन् तापताना फुंकर मारायची नाही."

"बाबा, तुम्हाला येतं हे?"

दादाने उत्तर दिले नाही. चष्मा लावला आणि पहिला टाका घातला. चकचकीत, सपाट, न हलणारा. मग आयर्न तिच्या हातात दिले. बाकीचे टाके तिनेच घातले.

तेव्हा मला ब्रायन मे या इंग्लिश गिटारवादकाची गोष्ट आठवली. ऑगस्ट १९६३ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. विकत घेण्यापुरते पैसे नव्हते. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, दांडीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. काम सुमारे दोन वर्षे चालले. 'रेड स्पेशल' नावाची हीच गिटार त्याने पुढे 'क्वीन' या बँडमध्ये आयुष्यभर वाजवली. याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता. खगोलशास्त्राची डॉक्टरेट अर्धवट टाकून मुलगा संगीताकडे वळला तेव्हा याच वडिलांना ते रुचले नव्हते. मुलाने ती डॉक्टरेट २००७ मध्ये पूर्ण केली. गिटार मात्र दोघांची मिळूनच राहिली.

मोठ्यांनी लक्ष घालावे अशी एक गोष्ट इथेच सांगतो. गिटारमध्ये धोक्याची वीज नसते, पण तिच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लगच हवा आणि घरातले अर्थिंग चालू आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणे म्हणजे जिवाशी खेळ. जोडणी झाली की आवाज अगदी कमी ठेवून पाहावे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर काम बरोबर. वाढली तर अर्थची वायर सुटली आहे किंवा उलट लागली आहे.

तारा चढवताना

सहा बारीक तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो असतो. या ताणाने दांडी किंचित वाकते. ती आवरायला तिच्या पोटात लोखंडी सळई असते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला की मधल्या फ्रेटवर आणि तारेत जेमतेम व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट हवी. कमी-जास्त असेल तर सळई एका वेळी पाव फेराच फिरवावी आणि तार पुन्हा सुरात लावून पाहावी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मि.मी. ठेवली तर नवशिक्याची बोटे दुखत नाहीत.

शेवटी सुराची परीक्षा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून घंटेसारखा जो सूर निघतो, तो आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर एकच हवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा टेकू मागे घ्यावा, उतरा असेल तर पुढे. आमच्या सहाही तारा या परीक्षेत उतरल्या, कारण दोऱ्याचे माप आधी बरोबर घेतले होते.

वाचकहो, किट घेतल्याने पैसे वाचतील या भरवशावर राहू नका. पॉलिश, पेपर, सोल्डरिंगचे सामान धरले तर हिशेब तयार गिटारपाशीच येतो. वेळ तर कितीतरी जास्त जातो. गिटार कोपऱ्यात पडणार नाही अशी हमीही मी देणार नाही. मिळते ते एवढेच, की कुठे काही बिघडले तर ते दुरुस्त करायला मुलाचा हात घाबरत नाही.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून पुतणीने दिवाणखान्यात गिटार लावली. तिला अजून फक्त तीन कॉर्ड येतात. ती तेच आलटून पालटून वाजवत होती. वहिनी म्हणाल्या, "आवाज जरा कमी कर गं, शेजारी काय म्हणतील?"

दादा चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "राहू दे. टाके चांगले बसलेत का ते मोठ्या आवाजातच कळतं."