गंजाचा रंग खरा राहू द्या

२०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसरही त्यात आलं. आता नवं बांधकाम वाढणार आणि जुनं जाणार. म्हणून सुटीत गावी गेलात की पडक्या, ओसाड जागांचे फोटो जरूर काढा.

त्यात सौंसरची छोटी लाइन खास. अडीच फुटी रुळांवरची नागपूर–छिंदवाडा गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. आजी-आजोबांच्या कितीतरी आठवणी त्या गाडीतल्या. तिची जुनी खूण दिसली तर टिपा; फक्त चालू रुळांवर उतरू नका, तो गुन्हा आहे आणि जिवालाही धोका.

रंग चढवताना मात्र थोडं थांबा. ‘सॅच्युरेशन’ सगळेच रंग सरसकट वाढवतं. गंजात तपकिरी, तांबूस, काळपट असे थर असतात; फार ताणलं की त्यांचा एकच भगवा डाग होतो. ‘व्हायब्रन्स’ फिक्या रंगांना जास्त उचलतं, म्हणून आधी ते वापरून बघा. सकाळच्या किंवा कलत्या उन्हात फोटो काढला, तर भिंतीचे पोपडे आणि भेगा आपोआप उठून दिसतात.

भडक फोटोला लाइक मिळतात, मिळू द्या. पण मूळ फोटो पुसू नका. त्यासोबत गाव, तारीख आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलेली आठवण लिहून ठेवा. उद्या ती भिंत पडली, तर तिचा खरा रंग त्या मूळ फोटोतच सापडेल.