ट्रॉफीवर नाव कोणाचं मोठं?

6 जानेवारी जवळ आली की शिरपूरच काय, खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी व्हॉट्सअॅपवर एक निमंत्रण फिरायला लागतं. 'दर्पण दिनानिमित्त पत्रकार बांधवांचा गुणगौरव सोहळा.' शुभहस्ते कोण? ज्यांच्याबद्दल वर्षभर लिहायचं होतं ते. प्रमुख उपस्थिती कोणाची? ज्यांना वर्षभर प्रश्न विचारायचे होते त्यांची. आणि खाली ठळक अक्षरांत : कार्यक्रमानंतर स्नेहभोजन.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा ते ऐन विशीत होते. म्हणजे आज तालुक्यात मोबाईल आणि माईक घेऊन फिरणाऱ्या पोरांच्याच वयाचे. त्यांच्या नावाच्या दिवशी आपण शाल वाटतो, डायरी वाटतो, झिपवाली बॅग वाटतो, आणि ट्रॉफी. त्या ट्रॉफीकडे एकदा नीट बघा. मिळवणाऱ्याचं नाव खाली, बारीक. देणाऱ्याचं वर, सोनेरी.

माझा एक मित्र तालुक्याच्या बातम्यांचं वेब पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल चालवतो. त्याच्या घरी टीव्हीच्या बाजूला अशा सहा ट्रॉफ्या आहेत. 'उत्कृष्ट', 'निर्भीड', 'आदर्श', 'युवा', परत 'निर्भीड', आणि एकीवरचं स्टिकर निघून गेलंय. मी त्याला विचारलं, यातल्या कुठल्या बातमीसाठी कुठली मिळाली? तो हसला. बातमीसाठी एकही नाही. पुरस्कार माणसाला असतो, बातमीला नसतो. माझं भांडण नेमकं इथे आहे.

पुरस्कार वाईटच, असं मी म्हणत नाही. 2008 च्या सुमारास 'स्टार माझा'ने (तेच आताचं 'एबीपी माझा') 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा अनोळखी वाचक मिळाले. कोणी प्रवासाबद्दल लिहायचं, कोणी पुस्तकांबद्दल, कोणी राजकारणाबद्दल. तिथे लिहिलेलं वाचून निवड व्हायची, आणि लिहिणारा त्या चॅनेलच्या कारभारावर नजर ठेवायला बसलेला नव्हता. गावातल्या सोहळ्यात हे उलटं होतं. ज्याच्या ठेक्याची, पतसंस्थेची, शाळेच्या फीची बातमी तुम्ही करायची, तोच तुमच्या खांद्यावर शाल टाकतो. फोटो निघतो. तो फोटो तुम्ही स्वतः स्टेटसला ठेवता. पुढच्या आठवड्यात एखादा गावकरी ठेक्याची कागदपत्रं घेऊन यायचा असेल, तर तो तुमचा स्टेटस बघून येतच नाही. बातमी दाबली, असंही म्हणता येत नाही, कारण ती तुमच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

'एवढ्यानं काय होतं? पोरगं स्वतःच्या पेट्रोलवर फिरतं, कोणी शाल दिली तर घेऊ दे की.' हे मला बरेच जण सांगतात, आणि त्यांचं पूर्ण चुकत नाही. हिशेब बघा. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा व्हिडिओ कोण तासभर बघणार? अपघात, हाणामारी आणि बिबट्या यांचेच व्ह्यूज. मग उरतात शुभेच्छांच्या जाहिराती : वाढदिवस, 15 ऑगस्ट, दिवाळी, 'शुभेच्छुक' आणि खाली चाळीस पासपोर्ट फोटो. ज्यांच्याकडे वाढदिवसाला उधळायला पैसे आहेत, त्यांच्याकडूनच पोर्टलचं पोट भरतं. अहिराणीत माझी आजी कुठलाही व्हिडिओ लावला की विचारते, 'हाई बातमी शे का जाहिरात?' मलाही पुष्कळदा उत्तर देता येत नाही.

त्यात 'मान्यताप्राप्त' हा शब्द. पोर्टलच्या डोक्यावर 'भारत सरकार नोंदणीकृत' असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा ते असतं लघुउद्योगाचं 'उद्यम' प्रमाणपत्र, जे पिठाच्या गिरणीलाही मिळतं. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला, पण तो छापील नियतकालिकांसाठी आहे. वेब पोर्टलला अशा नोंदणीची गरजही नाही. बातमी करायला कुठलंच कार्ड लागत नाही, हे पोरांना कोणी सांगत नाही. उलट कार्ड विकणारे भेटतात, आणि गाडीवर 'प्रेस' लिहून देणारे.

छापील पेपर फार सोवळे होते असं समजू नका. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत, वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरात पोचला. ऑनलाइन माध्यम येईल, छापखाना लागणार नाही, मालक लागणार नाही, मग हे सगळं धुऊन निघेल, असं आमच्या पिढीला वाटलं होतं. छापखाना गेला. पॅकेज राहिलं, फक्त स्वस्त झालं.

वरच्या पातळीवरही हेच चालतं, फक्त स्टेज मोठं. 8 मार्च 2024 ला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 'नॅशनल क्रिएटर्स अवॉर्ड' दिले गेले. आठ दिवसांनी, 16 मार्चला, लोकसभा निवडणूक जाहीर झाली. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 2023 मध्ये, याच सरकारने प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आणला होता. बातम्यांवर बोलणारे यूट्यूबर त्याच्या कचाट्यात येतील का, यावर 2024 मध्ये मोठा वाद झाला आणि ऑगस्टमध्ये मसुदा मागे घ्यावा लागला. एका हातात ट्रॉफी, दुसऱ्या हातात नियमावली. कोणता हात पुढे येईल, ते तुम्ही काय बोलता यावर.

आणि तुम्ही खरंच काही बोललात तर? खान्देशातलीच गोष्ट आहे. ऑगस्ट 2023 मध्ये पाचोऱ्यात एका स्थानिक पत्रकाराला फोनवर आमदारांनी शिवीगाळ केल्याची ध्वनिफीत महाराष्ट्रभर फिरली, आणि पाठोपाठ त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. त्याआधी, नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं होतं. ज्या कलम 66 अ खाली तशा अटका व्हायच्या, ते सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. 2021 च्या डिजिटल मीडिया नियमांतल्या आचारसंहितेच्या अटींना मुंबई हायकोर्टाने 14 ऑगस्ट 2021 ला स्थगिती दिली. त्यातला एक याचिकाकर्ता निखिल वागळे, म्हणजे मराठी पत्रकारच. सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी हे सरकारच ठरवणार, अशी फॅक्ट चेक युनिटची तरतूदही याच कोर्टाने 20 सप्टेंबर 2024 ला रद्द केली, कुणाल कामराच्या याचिकेवर. ऑनलाइन लिहिणाऱ्यांचं जे काही संरक्षण आज शिल्लक आहे, ते कोर्टात भांडून मिळालेलं आहे. सहा ट्रॉफ्या घेऊन पोलीस स्टेशनला गेलात तर त्या ठेवायला टेबलही मिळत नाही.

हे सगळं मी का उगाळतोय? 31 ऑगस्ट 2019 मुळे. त्या शनिवारी सकाळी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान 12 जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. त्या दिवशी देशभरच्या चॅनेलवर शिरपूर होतं. पण अशा कारखान्याची शेवटची तपासणी कधी झाली होती, तपासणाऱ्याने काय लिहिलं, जखमींच्या उपचाराचं पुढे काय झालं, हे सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी विचारायला मुंबईहून ओबी व्हॅन येत नाही. ते गावातल्याच कोणीतरी विचारायचं असतं. आणि स्फोट व्हायच्या आधी विचारायचं असतं. तो 'कोणीतरी' त्या संध्याकाळी कुठल्या सोहळ्यात शाल घेत होता, हा प्रश्न मला झोपू देत नाही. मी स्वतःही तेव्हा काही विचारलेलं नव्हतं.

मग पैसे कुठून आणायचे? प्लॅटफॉर्मच्या भरवशावर तर बिलकुल नको. कॅनडात 2023 मध्ये नवा कायदा आला : बातम्या दाखवता, तर माध्यमांना पैसे द्या. मेटाने पैसे देण्याऐवजी 1 ऑगस्टपासून फेसबुक-इन्स्टावर बातम्याच बंद करायला सुरुवात केली. त्याच महिन्यात तिथल्या वणव्यांमुळे यलोनाइफ हे अख्खं शहर रिकामं करावं लागलं, आणि लोकांना फेसबुकवर बातमीची लिंकसुद्धा टाकता येईना. मोठी वृत्तपत्रं तग धरतात. छोट्या स्वतंत्र साइट्सचा वाचक तिथूनच यायचा. व्हॅंकूव्हरचं 'द टायी' 2003 पासून चालू आहे, ते वाचक पैसे देतात म्हणूनही. आपल्याकडचे पोर्टलवाले फेसबुक पेजलाच आपलं घर समजतात. घर भाड्याचं आहे, आणि मालक सांगून सामान बाहेर काढत नाही.

वाचकांच्या पैशावर माध्यम चालतं, हे कॅनडातून शिकायची गरजही नाही म्हणा. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केलं आणि वर्गणीदारांच्या जिवावर अर्ध्या शतकाहून जास्त चालवलं. खेड्यात बसून, सत्यशोधक विचारांचं, भल्याभल्यांना अंगावर घेणारं साप्ताहिक. आपल्या अमळनेरला साने गुरुजी शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून रोज 'छात्रालय' दैनिक काढायचे. एक प्रत, एक भिंत, वाचणारी पोरं. याहून स्वतंत्र ब्लॉग अजून माझ्या बघण्यात नाही.

आणि सामग्री तर खिशात आहे. 'ई-ग्रामस्वराज' उघडा, ग्रामपंचायत निवडा, वित्त आयोगाच्या पैशातून कुठल्या कामावर किती खर्च दाखवलाय ते दिसतं. मग त्या गटारीजवळ जाऊन फोटो काढा. 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नाही मिळालं, तर 'उत्तर मिळालं नाही' हीच बातमी. दोनशे वाचकांनी महिन्याला 30 रुपये दिले तर 6,000 होतात. एका पोराचं पेट्रोल, रिचार्ज आणि झेरॉक्स त्यात निघतं. आपण तेवढे पैसे चहाबरोबरच्या भज्यांवर घालवतो आणि वर म्हणतो, 'सगळे पत्रकार विकले गेलेत.' विकत घेणारा एकच येत असेल, तर माल त्यालाच जाणार.

मित्राला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, 'भाऊ, तुला लिहायला काय जातं, तुझा पगार पुण्याहून येतो.' खरं आहे. तरी त्याने एक केलं. मागच्या महिन्यात गावातल्या पाण्याच्या टाकीच्या कामावर एक व्हिडिओ बनवला, कागदं दाखवून, आणि शेवटी कोणाच्या शुभेच्छा न लावता स्वतःचा क्यूआर कोड लावला. पहिल्या दिवशी अकरा जणांनी पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या दोन जाहिराती बंद झाल्या.

यंदाचं निमंत्रण त्याला आलंय. या वेळी 'जीवनगौरव' देणार म्हणतात. तो सत्तावीस वर्षांचा आहे.