खांद्याला रजा, मग मनाला का नाही?

बेसबॉलमध्ये पिचरचा खांदा दुखावला की संघ त्याचं नाव दुखापतग्रस्तांच्या यादीत घालतो. त्याची जागा राखलेली असते आणि बरा झाला की तो पुन्हा चेंडू हातात घेतो. २००६ मध्ये हंगामापूर्वीच्या सराव शिबिरातून कॅन्सस सिटी रॉयल्सचा पिचर झॅक ग्रेंकी निघून गेला, तेव्हा त्याचंही नाव याच यादीत गेलं. वय २२. खांदा, कोपर शाबूत. निदान झालं नैराश्याचं आणि सोशल अँग्झायटीचं. आदल्या हंगामात ५ विजय आणि १७ पराभव त्याच्या नावावर होते. ‘फॉर्म गेला’ म्हणून त्याला नारळ देणं सहज शक्य होतं. संघाने त्याला उपचार घेऊ दिले. परतल्यावर आधी विचिटाच्या दुय्यम संघात खेळवलं, पुढच्या हंगामात बराच काळ राखीव पिचर म्हणून वापरलं. २००९ मध्ये दर नऊ डावांमागे सरासरी २.१६ धावा देत त्याने अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला.

बेसबॉल पूर्वी इतका समजूतदार नव्हता. १९५२ मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या जिमी पिअर्सॉलचा तोल ढळत होता आणि प्रेक्षक त्याच्या मैदानावरच्या चाळ्यांची मजा घेत होते. न्यूयॉर्क यांकीजच्या बिली मार्टिनशी त्याची मारामारी झाली, मग त्याला बर्मिंगहॅमच्या दुय्यम संघात धाडलं. हा आजार आहे हे मान्य होईपर्यंत त्याला वेस्टबरोच्या सरकारी मनोरुग्णालयात दाखल करायची वेळ आली. तिथे त्याला विजेचे झटके दिले गेले. त्या वर्षातले कित्येक महिने त्याच्या आठवणीतून पुसले गेले. आपण काय काय केलं, हे त्याला इतरांकडून समजून घ्यावं लागलं. तरी १९५३ मध्ये तो परतला, एका सामन्यात सहापैकी सहा वेळा यशस्वी फटके मारले आणि पुढे १९६७ पर्यंत खेळला.

गुणी दोघंही होते, बरे दोघंही झाले. एकाला वेळेवर रजा मिळाली, दुसऱ्याला पार कोसळावं लागलं. आपल्या मराठी घरांत अजून १९५२ सालच चालू आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पडते, संध्याकाळपर्यंत दारात चार डबे येतात. मुलाने नैराश्यामुळे सेमिस्टर सोडलं, तर मात्र ‘इंटर्नशिप करतोय’ असं सांगितलं जातं.

‘ग्रेंकीच्या मागे क्लब होता, आम्हाला नोकरी सांभाळायची आहे,’ हा आक्षेप रास्त आहे. पण इथे अमेरिकेत १९९३ पासून फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायदा आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षभर काम केलेल्या बहुतेकांना त्याखाली वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी राखून. गंभीर मानसिक आजारही त्यात बसतो. बाळंतपणासाठी ही रजा आपण हक्काने घेतो. मनाच्या आजारासाठी मागताना जीभ अडखळते. ती अडखळू नये, हे आपल्याच हातात आहे.

म्हणून आपल्या मराठी मंडळाला माझं सांगणं आहे. आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि मधुमेहाच्या टेबलाशेजारी मानसोपचारतज्ज्ञांचंही टेबल लावा. संकटकाळच्या मदतीसाठीचा ९८८ हा नंबर मंडळाच्या प्रत्येक अंकात छापा. आणि उपचार घेऊन कुणी परत आलं, तर गणपतीच्या तयारीत त्याच्याकडे असलेलं काम, कुजबुज न करता, पुन्हा त्याच्याच हाती द्या.