शिवारात सोलर आलं, शाळेच्या वर्गात कधी येणार?

सोलापूर : करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठल्याही रस्त्याने निघालं, तरी विहिरीच्या कडेला सोलरची पॅनल दिसतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो. घराच्या छपरासाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना २०२४ पासून सुरू आहे. यंत्र गावात पोचलं. पण ते चालतं कसं, किती वीज देतं आणि कधी देत नाही, हे गावात किती जणांना सांगता येईल? कंपनीचा माणूस येईपर्यंत पंप बंद ठेवायचा, एवढंच हातात उरतं.

हे ज्ञान घरात आणायचा सगळ्यात जवळचा रस्ता शाळेतून जातो. धडा तर पुस्तकात आहेच. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हे प्रकरण आहे. औष्णिक, अणू, जल, पवन, सौर अशी सगळी वीज त्यात येते. अडचण अशी की दहावी हे बोर्डाचं वर्ष. आकृती काढा, फरक स्पष्ट करा, मार्क घ्या आणि पुढे चला. पोरगं सौर घटाची आकृती बिनचूक काढतं, पण बापाच्या रानातलं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून का बसवलंय, हे त्याला कोणी विचारत नाही.

खरं तर हा विषय शिकवायला सोलापूरसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथं कोळसा जाळून वीज होते आणि त्यासाठी पाणी उजनीतून न्यावं लागतं. उजनी धरणावर पाण्याच्या जोरावर चालणारं १२ मेगावॅटचं वीजगृह आहे. जिल्ह्यातल्या अनेक साखर कारखान्यांत उसाचा रस काढून उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये जातं, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकली जाते. वाड्या-वस्त्यांवर गोबर गॅस आहे आणि ऊन तर घरोघरी आहे. एका सहलीत पोरांना कोळशापासून उन्हापर्यंत सगळं दाखवता येईल. कोळसा एकदा जळला की संपला, ऊस पुढच्या हंगामात पुन्हा उगवतो, हा फरक तिथं उभं राहून दोन मिनिटांत कळतो.

याचा संबंध नुसत्या पर्यावरणाशी नाही, घरच्या पैशाशीही आहे. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. ५ एचपीची मोटार तासाला साधारण पावणेचार युनिट खाते. छपरावरचं एक किलोवॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देतं. सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्या घराला किती किलोवॅट पाहिजे, हे सहावी-सातवीतलं पोरगं वीजबिल समोर ठेवून काढू शकतं. त्यासाठी एजंटाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही.

जमिनीचंही तसंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये प्रकल्पाला दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ही वाढ सरळ पद्धतीची, म्हणजे मूळ रकमेवर. या हिशोबाने पंचविसाव्या वर्षी भाडं २ लाख १५ हजार होतं. हीच वाढ चक्रवाढ धरली, तर ते अडीच लाखांच्या वर गेलं असतं. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज पोरं शाळेत शिकतात. तेच गणित बापाच्या करारावर घातलं, तर सही करण्याआधी घरात कोणीतरी कागद वाचलेला असेल.

रात्रीच्या दाऱ्याचा विषय तर प्रत्येक शेतकरी घरातला. २०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तिघांचा जीव घेतला. अंधारात मोटार चालू करायला जाणं म्हणजे काय, हे तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला कळलं. दिवसा पाणी देता येणं ही सोलरची सगळ्यात मोठी कमाई आहे, आणि पोरांना ती न शिकवता पटते.

मात्र शिकवताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्री पॅनल वीज देत नाही. आभाळ आलं की पंपाचं पाणी कमी होतं. धूळ बसली की उत्पादन घटतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असतं, पण पॅनल जास्त तापलं की त्याची ताकद उलट थोडी कमी होते. हे माहीत नसलं की लोक पंप खराब झाला म्हणतात आणि योजनेला शिव्या घालतात.

असं शिक्षण झालेलंच नाही, असं नाही. आयआयटी मुंबईने २०१४ च्या सुमारास सौर दिव्यांचा मोठा उपक्रम हाती घेतला. शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठीचे दिवे गावातल्याच लोकांनी जोडले आणि दुरुस्तीही गावातच शिकवली. नवी पद्धत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघू शकते, हे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवलंच आहे. पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

फार खर्चाचीही गोष्ट नाही. पाचवीपासून पुढच्या वर्गांनी शाळेच्या मीटरचं रीडिंग रोज एका वहीत लिहावं. अंगणात काठी रोवून सावली महिनाभर मोजावी, म्हणजे पॅनलचं तोंड दक्षिणेला का, ते आपोआप उमगेल. शेजारच्या शेतकऱ्याच्या परवानगीने आठवड्याला एकदा पंप बघायला जावं. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पॅनलचा फरक लिहावा. एक गोष्ट मात्र पक्की बजवावी : ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत करंट असतोच, त्यामुळे वायर आणि कंट्रोलर बॉक्सला पोरांनी हात लावायचा नाही. पॅनल धुवायचं काम मोठ्यांचं, तेही सकाळी ऊन चढायच्या आत.

दहावीनंतर आयटीआयला सोलर टेक्निशियनचा ट्रेड आहे. पंप गावोगावी बसले, तर दुरुस्ती करणारेही गावोगावी लागतील. ते पुण्याहून यायचे की आपल्याच वस्तीवरचे असायचे, हे आज सहावी-सातवीत बसलेल्या पोरांना काय शिकवतो यावर ठरणार आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. पुढच्या बैठकीत मीटरच्या वहीचा विषय त्यांनी काढला, तरी सुरुवात होईल.