एका ओळीचा माज

भाच्याला नोकरीच्या चाळणी परीक्षेत एक कोडं आलं. त्याने ते हास्केलमध्ये एका ओळीत सोडवलं आणि तो बाद झाला. ती ओळ काही महिन्यांपूर्वी मीच त्याला मोठ्या कौतुकाने पाठवली होती. म्हणून आज हे लिहितोय.

गणपतीत नात्याला गेलो होतो. (नवीन वाचकांसाठी: नाते हे आमच्या गावाचं नाव. महाडहून रायगडाकडे जाताना लागतं. 'नात्यातले नातेवाईक' हा विनोद आमच्या घरात सगळ्यांचा करून झालाय, कृपया प्रतिक्रियेत पुन्हा करू नये.) आरती झाल्यावर भाचा लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "मामा, हास्केल स्लो आहे. मी आता पायथॉनच करतो."

"कोणी सांगितलं तुला?"

"परीक्षेतच दिसलं. पहिल्या काही चाचण्या पास झाल्या, मग 'वेळ संपली' असं आलं."

कोडं आपल्याच मातीतलं होतं. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेला ६१७४ हा स्थिरांक. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही फिरवा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथे पोचतात. परीक्षेत विचारलं होतं, पायऱ्या किती?

माझी ती प्रसिद्ध ओळ काय करत होती? संख्येचं अक्षरांत रूपांतर, क्रम लावणं, उलटवणं, पुन्हा संख्या, वजाबाकी, आणि ६१७४ येईपर्यंत हेच. वाचायला सुंदर. ३५२४ ला उत्तर बरोबर.

आता तिला १००० द्या. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. इथे घात झाला. कापरेकरांच्या रीतीत हे ०९९९ आहे, आणि पुढचं गणित ९९९० वजा ०९९९ असं व्हायला हवं. पण अक्षरांत बदलताना पुढचं शून्य गळालं. राहिलं ९९९. ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. शून्य वजा शून्य म्हणजे शून्य. ६१७४ काही येत नाही आणि प्रोग्राम फिरतच राहतो. म्हणजे हास्केल स्लो नव्हतं, मामा घाईत होता. पायथॉनमध्ये हीच ओळ लिहिली असती तरी हेच झालं असतं.

त्या रात्री बसून १००० ते ९९९९ अशा सगळ्या ९००० संख्या तपासल्या. चारही अंक सारखे असलेल्या ९ सोडल्या तर माझी ओळ ६८ ठिकाणी अडकते. १०११, १११२, २२२१ वगैरे. तपासायला वेळ किती लागला? डोळा मिटून उघडेपर्यंत. ओळ पाठवण्याआधी हे का केलं नाही, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

तर मंडळी, माझा मुद्दा असा. आपण फंक्शनल भाषांची तुलना ज्या पद्धतीने करतो ती पद्धत चुकीची आहे. एकच कोडं घ्यायचं, हास्केल, क्लोजर आणि रॅकेटमध्ये सोडवायचं, ओळी मोजायच्या आणि कमी ओळींच्या भाषेला हार घालायचा. यात मोजतो ते फक्त लिहिणाऱ्याची हौस. तेच उत्तर वाचणाऱ्याला, बदलणाऱ्याला, त्याच्यावर विसंबणाऱ्याला काय मिळालं हे कुठेच येत नाही.

खरी तुलना करायची तर याच कोड्यात भरपूर मसाला आहे. हास्केलवाले म्हणतात, "कंपाइल झालं की चालतंच." माझी ओळ कंपाइल झाली होती! टाइप चेकर संख्येच्या जागी अक्षरं आली तर पकडतो, गळालेलं शून्य पकडत नाही. त्यासाठी क्विकचेकसारखं साधन आहे. पण ते तुम्हाला आधी विचारतं की तुमचा दावा काय. दावाच मांडला नसेल तर ते बिचारं काय करणार?

क्लोजरमध्ये आणखी गंमत. अंक लावून झालेली अक्षरं भाषेच्या स्वतःच्या रीड-स्ट्रिंगने संख्येत बदलली, तर पुढचं शून्य म्हणजे अष्टमान पद्धत असा अर्थ लागतो. ०३७८ मध्ये ८ असल्यामुळे ते निदान चूक म्हणून ओरडतं. ०१२३ ला मात्र गुपचूप ८३ म्हणतं. ओरडणारी चूक परवडली. रॅकेट ०३७८ ला सरळ ३७८ म्हणतं, पण ९९९ च्या पुढचं शून्य तिथेही आपल्यालाच लावावं लागतं.

मग फंक्शनल भाषेचा फायदा काय? फायदा हा की काम लहान लहान तुकड्यांत तोडता येतं, आणि प्रत्येक तुकडा तेच दिलं की तेच देतो. 'अंक' हे एक फंक्शन: संख्या घेतं, नेहमी चारच अंक देतं. 'पायरी' दुसरं. 'प्रवास' तिसरं. आता 'अंक'ला एकट्यालाच ९९९ देऊन विचारता येतं. ०, ९, ९, ९ आलं का? नाही आलं तर चूक तिथेच, बाकी काही उसकटायला नको. एका ओळीत सगळं कोंबलं की नेमका हाच फायदा आपण फेकून देतो, आणि वर त्यालाच भाषेची ताकद म्हणतो.

"अहो, मजेसाठी करतो आम्ही!" असं कोणीतरी म्हणेलच. करा की. मीही करतो. आटोपशीर लिहिणं हा गुणच आहे, लांबण लावणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. पण त्या मजेच्या जोरावर आपण पोरांना भाषा सुचवतो, तिथे जबाबदारी सुरू होते.

म्हणून माझे चार प्रश्न. उत्तर कोणत्या संख्यांसाठी खरं आहे ते लिहिलंय का? सगळ्या तपासल्या का? चाराऐवजी तीन अंक करायला नवख्याला किती वेळ लागेल? (तीन अंकांना ४९५ येतं. दोन अंकांना काहीच स्थिर येत नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरतं, म्हणजे प्रोग्रामला थांबायचं कसं हेही शिकवावं लागतं.) आणि चौथा, गावाकडच्या जुन्या लॅपटॉपवर ते साधन बसतं का?

या चौथ्या प्रश्नावर कोणी लिहीतच नाही. हास्केलचा सगळा संसार मांडायला काही जीबी जागा लागते. क्लोजरला आधी जावा हवं. रॅकेट एका फाइलमधून बसतं, संपादक आणि मदतीची पानं सोबत येतात, आणि शिकाऊ भाषांसाठी एकेक पायरी उलगडून दाखवणारं साधनही त्यात आहे. तिन्ही मुक्त स्रोत आहेत. नात्यात याचा अर्थ अगदी साधा: पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या पोराला दिलं तरी ती चोरी होत नाही.

माझा कौल सांगून टाकतो. शिकणाऱ्याने रॅकेटने सुरुवात करावी, पाय रोवले की हास्केल. जावाच्या दुनियेत नोकरी असेल तर क्लोजर. पटत नसेल तर भांडा, पण ओळी मोजून नको.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या नात्यात जन्मले. त्या गावात तरी हिशेब अर्धवट तपासून पुढे पाठवायला नको होता.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी भाच्याने रॅकेटमध्ये पुन्हा लिहिलं. एकवीस ओळी. सगळ्या ९००० संख्या तपासल्या आणि मला म्हणाला, "मामा, आता तू शोध चूक."

अजून सापडलेली नाही.