आकृतीत नसलेले पोलाद

आयर्न-कार्बन डायग्राम काढा, भागांना नावे द्या, गुण घ्या. इंजिनीअरिंगच्या मटेरियल सायन्समधून बहुतेकांच्या हाती शेवटी एवढेच उरते. ७२७ अंश, ११४७ अंश, ४.३ टक्के कार्बन हे आकडे पाठ असतात. रेघा पट्टीने मारलेल्या असतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलात गोल काढून त्यात फेराइट आणि पर्लाइटची चित्रे भरलेली असतात, आणि त्यातली बरीचशी सूक्ष्मदर्शकातून नव्हे, मागच्या बॅचच्या जर्नलातून आलेली असतात.

या आकृतीत मार्टेन्साइट नाही. ब्लेड, कानस, ड्रिल, टाकी यांच्या पोलादाला कठीण करणारी रचना तिच्यात कुठेच सापडत नाही. सापडणारही नाही. आकृतीला अक्ष दोनच, तापमान आणि कार्बनचे प्रमाण. वेळ तिच्यात धरलेलाच नाही. धातू अगदी सावकाश निवू दिला तर काय होईल, एवढेच ती सांगते. लोहार तापलेल्या फाळाला पाणी देतो, तेव्हा तो नेमका वेळेशीच व्यवहार करत असतो.

कोणत्याही बांधकामावरून टीएमटी सळईचा वीतभर तुकडा आणा. तिच्यात कार्बन फार तर ०.३ टक्के असतो. आकृतीवर त्या जागी बोट ठेवून खाली या. उत्तर मिळते फेराइट आणि पर्लाइट, आरपार एकसारखे. आता सळई करवतीने कापा, काप एमरी पेपरवर घासून गुळगुळीत करा आणि त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधले सौम्य नायट्रिक आम्ल, फिरवा. थोड्या वेळात नुसत्या डोळ्यांना गडद कडे दिसते, आत फिकट गाभा. गाभा आकृतीप्रमाणे वागला. कडेने तिला जुमानले नाही.

रोलिंग मिलमधून लालभडक सळई बाहेर पडते आणि लगेच पाण्याच्या जोरदार माऱ्यातून जाते. वरचा थर क्षणात मार्टेन्साइट होतो. आतली उष्णता मग बाहेर येते आणि तो ठिसूळ थर पुन्हा तापून चिवट होतो. गाभा त्यामानाने सावकाश निवतो आणि मऊ राहतो. रासायनिक घडण तीच, तरी एकाच सळईत दोन पोलादे. सळईच्या ‘एफई ५००’ या प्रतीतले ५०० मेगापास्कल बऱ्याच अंशी या कड्याच्या जिवावर उभे असतात. ही सळई लेथवर सोलली तर त्यातले बरेच बळ किसासोबत जाते. साइटवर निर्णय घेणाऱ्या मुलाला हे ठाऊक हवे. त्याला ७२७ ठाऊक असते.

वेळेचा हिशेब मांडणारी आकृती बेन आणि डेव्हनपोर्ट यांनी १९३० मध्येच दिली. अभ्यासक्रमात तीही असते, पण पुढे कुठेतरी, हीट ट्रीटमेंटच्या मथळ्याखाली आणि आणखी एक पाठ करायची आकृती म्हणून. पहिली आकृती निरुपयोगी नाही. पोलाद कुठवर तापवायचे, हे तिच्याशिवाय कळत नाही. आक्षेप आहे तो ती काढून दाखवण्याला मिळणाऱ्या गुणांना. पाठ केलेली रेघ तपासायला सोपी, म्हणून तीच विचारली जाते. जे विचारले जाते, तेच शिकवले जाते.

सळईचा तुकडा, एमरी पेपर आणि थोडे आम्ल यांना ना निधी लागतो, ना नवी प्रयोगशाळा. विद्यापीठांनी पुढच्या परीक्षेत ही आकृती प्रश्नपत्रिकेतच छापून द्यावी. शेजारी सळईच्या कापाचा फोटो ठेवावा आणि कड व गाभा वेगळे का, एवढेच विचारावे. आकृतीचे सगळे गुण या प्रश्नाला द्यावेत.