जुनी फटफटी आणि कारागिराचे बिल

इंग्लंडात नव्याने आलेली आपली तरुण मंडळी रेल्वेच्या पासाचे दर पाहून एके दिवशी जुनी मोटारसायकल घेण्याचा बेत करतात, आणि किमतीचा सौदा उरकला की खर्च संपला अशा समाधानात घरी येतात. वस्तुतः खर्चाचा आरंभ तेथूनच होतो. गाडी एकदा जाणत्या कारागिराकडून नीट सर्व्हिस करून घ्या, असे सुचविले की पहिला प्रश्न ठरलेला, "किती घेईल?" आणि आकडा ऐकल्यावरचा उद्गारही ठरलेला, "एवढ्यात पुण्यास चार वर्षांचे सर्व्हिसिंग झाले असते!"

झाले असते, यात शंका नाही. परंतु बिल पुण्याचे नव्हे, येथले भरावयाचे आहे. तेव्हा ते कसे बनते हे पाहणे बरे. ९०० पौंडांस मिळालेली, ५०० सी.सी.ची आणि मागील धन्याने काही वर्षे नुसतीच पळविलेली एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. मजुरी तासाला ७० पौंड धरली आणि काम साडेतीन तासांचे निघाले, तर मजुरीच २४५ पौंड होते. ऑइल व फिल्टर ४०, ब्रेक पॅड ३५, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट ९०. म्हणजे सामानाचे १६५. एकूण ४१०, त्यावर शेकडा २० प्रमाणे व्हॅट ८२. सारे मिळून ४९२ पौंड, म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक! ज्याची वार्षिक उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत आहे अशा लहान कारागिरास व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे त्याच्याकडे हा ८२ चा आकडा बहुधा वाचतो. एरवी घासाघीस करून फारसे साधत नाही. त्या ७० पौंडांत मिस्त्रीच्या पगाराबरोबर जागेचे भाडे, विमा, हत्यारे आणि जळके ऑइल कायद्याप्रमाणे विल्हेवाटीस लावण्याचा खर्चही येतो.

"पण गाडीला एम.ओ.टी. आहे ना!" हे पुष्कळांचे समाधान असते. तीन वर्षांहून जुन्या गाडीस ही वार्षिक तपासणी सक्तीची असून साध्या मोटारसायकलीस तिचे शुल्क जास्तीत जास्त २९ पौंड ६५ पेन्स आहे. तीत ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू इत्यादी पाहतात. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची अवस्था तीत पाहिलीच जात नाही. शिवाय प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवसापुरते खरे. तथापि त्या गाडीच्या जुन्या तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतो. सौदा करण्यापूर्वी तो अवश्य वाचावा. मागील धनी कसा होता हे विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसते.

मजुरीचे तास कशाने वाढतात? मुख्यतः टॅपेटने. साध्या इंजिनात स्क्रू फिरवून टॅपेट सेट होतात. चार सिलिंडरांच्या, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात मात्र टाकी उतरवा, वरचे झाकण खोला, प्रत्येक फट मोजा आणि चुकली तर कॅमशाफ्ट काढून चकती बदला, असा सारा खटाटोप असतो. म्हणून खरेदीच्या वेळीच साध्या यंत्राची निवड करणारा शहाणा. आपल्या बुलेटचेच पाहा. मूळची ही रेडिचची. १९५५ साली मद्रासेत तिचा कारखाना निघाला, १९६७ साली रेडिचचा बंद पडला, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट विलायतेस येऊ लागली. तिच्या साध्या इंजिनावर हात चालविणारे हौशी लोक येथेही काही थोडे नाहीत.

ऑइल बदलणे, चेनला वंगण देणे, स्पार्क प्लग पाहणे ही कामे घरच्या अंगणात करण्यास हरकत नाही. त्यात पैसे वाचतात आणि गाडीही कळते. ब्रेकच्या बाबतीत मात्र नवशिक्याने हौस करू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. उतारावर वारंवार ब्रेक दाबून ते तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि ऐन वेळी लिव्हर पोकळ लागते. म्हणून ते सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावयाचे असते, आणि जुन्या गाडीत ते कधी बदलले याची नोंद क्वचितच असते. टायरचेही तसेच. कायद्याने १ मिलिमीटर नक्षी पुरते. पण रबर वयाने कडक झाले असेल तर ओल्या रस्त्यावर त्या नक्षीचा भरवसा धरू नये. टायरच्या कडेवर चार अंक असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर ज्या गाडीस असेल तिच्या किमतीतून नव्या जोडीचे पैसे आधीच वजा करून बोलणी करावी.

गाडी कारागिराकडे देताना कामाची यादी व अंदाज लेखी घ्यावा, आणि ठरल्याबाहेरचे काम निघाल्यास आधी फोन करावा असे सांगून ठेवावे. बदललेले भाग परत मागावेत. चांगला मिस्त्री ते आपण होऊन दाखवितो. बिल मात्र फाइलला लावून ठेवावे, कारण उद्या गाडी विकावयाची झाली तर घेणारा प्रथम तेच मागणार.